नीळ कशी आहे

प्रिय वन्सं,

हे पत्र सूनबाई वाचून दाखवणार, तेव्हा आधी दोन शब्द तिच्याशी. सूनबाई, टीव्ही बंद कर आणि सासूच्या डाव्या हाताशी बस. जे लिहिलंय ते सगळं मोठ्याने वाच. मधलं गाळायचं नाही, कडू असेल ते गोड करून सांगायचं नाही. माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, चौथीत शाळा सुटली तेव्हा होतं तसंच राहिलंय. एखादा शब्द नाही लागला तर थांब, परत वाच, पण मनाचं काही घालू नकोस.

आता तुम्ही. कशा आहात असं विचारत नाही. नऊ महिने अर्धं अंग घेऊन पडलेल्या बाईला कशी आहेस म्हणून विचारणारी माणसं मला आवडत नाहीत, तुम्हालाही आवडायची नाहीत. इकडचं सांगते. हॉस्पिटल आहे तिथे आहे, त्याच्या पाठीमागे आपली लाँड्री आहे तिथेच आहे, बॉयलर सकाळी तसाच खोकत सुरू होतो. तुमच्या जागी एक नवी पोरगी दिलीय. चांगली आहे, पण चादर धरते ती मेलेला उंदीर शेपटीने धरावा तशी. आपण दोघी एकोणीस वर्षं चादरींच्या घड्या घालत आलो. तिकडची दोन टोकं तुमची, इकडची दोन माझी. ताणायची, झटकायची, चालत समोरासमोर यायचं, तुमची टोकं माझ्या हातात, की तुम्ही वाकून खालची घडी उचलायची. कामाचा एक शब्द बोलावा लागायचा नाही, म्हणून तर बाकीचं इतकं बोलता यायचं. नणंद-भावजयीचं पटतं कसं, म्हणून लोक विचारायचे. आपली सगळी भांडणं त्या चादरींवरच उरकायची, घरी न्यायला काही उरायचंच नाही. ह्या पोरीला दर वेळी सांगावं लागतं, ये, आता ये, अगं ये की पुढे. दिवसाला चारशे चादरी, म्हणजे चारशे वेळा ये. घसा बसतो माझा.

तुमच्या भावाचं म्हणाल तर गुडघा दुखतो म्हणतात, आणि डॉक्टरकडे चला म्हटलं की दुखायचा थांबतो. तुमची खाट त्यांनी हलवू दिलेली नाही. वर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग रचून ठेवलाय, म्हणजे कुणी विचारलंच तर सांगता यावं की पेपर ठेवायला लागते म्हणून.

मांजरांचं फोनवर तुटक तुटक सांगत गेले. पण फोनवर काय, इकडे यंत्राचा खडखडाट आणि तिकडे कुकरची शिट्टी. म्हणून पहिल्यापासून लिहिते. दुपारच्या सुट्टीत, गाठोड्यावर बसून, जुन्या याद्यांच्या कोऱ्या बाजूवर. चार दिवस लागलेत इथवर यायला, आणि अजून मुद्द्याचं काहीच लिहिलेलं नाही.

तुम्हाला तुमचा मुलगा घेऊन गेला तेव्हा बॉयलरमागे अकरा मांजरं होती. नावं तुम्हीच ठेवलेली, नीळ, खळ, चिमटा, बुडबुडी, हवालदार आणि बाकीची. मला ती नावं धड येत नव्हती हे आता कबूल करते. मी आपली सगळ्यांना मिळून तुमची भुतावळ म्हणायची. तुम्ही गेल्यावर ठरवलं होतं, मी काही घालणार नाही. आपोआप पांगतील. पहिल्या दिवशी गरम नळाजवळ ओळीने बसली. माझ्याकडे नाही, माझ्या मागच्या दाराकडे बघत. सगळ्यांच्या पुढे नीळ, तो एक मिटलेला डोळा आणि दुसरा दारावर लावलेला. मी म्हटलं, त्या नाहीत आता, निघा. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी चिडून डबा उघडला आणि अर्धा त्यांच्यापुढे उलटा केला. सगळी तुटून पडली. नीळ मात्र आली, माझ्या बोटांचा वास घेतला, तुमचं बोट नाही हे तिला कळलं, आणि मग मान खाली घालून खाल्लं. अपमान गिळून खाल्लं म्हणा.

तीन महिन्यांनी हॉस्पिटलचे नवे साहेब आले. आले त्याच आठवड्यात खळीने चार पिल्लं घातली, आणि कुठे घालावीत? ऑपरेशनच्या खोलीसाठी धुऊन ठेवलेल्या चादरींत. साहेबांनी स्वतः कपाट उघडलं. पुढचं सांगायला नको. चादरी परत धुवा म्हणाले ते बरोबरच, पण मग म्हणाले, गाडी बोलावतो, सगळी भरून लांब सोडून येतील. मी विचारलं, लांब म्हणजे कुठे. तर म्हणाले, तुम्हाला काय करायचंय. मी म्हटलं, साहेब, मांजरं गेली की उंदीर येतील, आणि उंदीर चादरीत नुसती पिल्लं घालून थांबत नाहीत, चादरीच खातात, मग तुम्ही मला विचारायला याल. तसे माणूस वाईट नाहीत, नोकरीला घाबरतात. शेवटी सहा महिन्यांची मुदत दिली. सगळ्या मांजरांचं ऑपरेशन झालं पाहिजे, सुया टोचल्या पाहिजेत, पुन्हा एकही पिल्लू दिसता कामा नये. नाहीतर गाडी. मी म्हटलं लिहून द्या. दिलं, सही करून दिलं. मुदत ह्या महिनाअखेरीला संपते.

ती चार पिल्लं मी चार घरी दिली. मोठ्या नर्सबाईंना तर जवळजवळ कोंबूनच दिलं. आता म्हणतात ते माझ्याशिवाय जेवत नाही.

बाजाराच्या टोकाला जनावरांची डॉक्टरीण आहे, लहान वयाची, केस कापलेली. ती म्हणाली, अर्ध्या पैशात करते. अर्धे म्हणजे एका मांजरामागे माझा आठ दिवसांचा पगार. आणि अशी अकरा. मी बोटांवर मोजायला घेतलं आणि सोडून दिलं. साबणाच्या पावडरचा रिकामा डबा घेतला, झाकणाला चीर पाडली. कचेरीतल्या कारकुनाने मला बोलायला म्हणून एक चिठ्ठी लिहून दिली, त्यात भूतदयेच्या उदात्त भावनेने असं काहीतरी होतं. मी एक्स-रेवाल्याच्या दारात उभी राहून ते वाचायला लागले आणि उदात्तला अडकले. तो इतका हसला की त्याने हसल्याचेच पैसे टाकले म्हणायचे. चिठ्ठी तिथेच फाडली. मग माझ्या रीतीने सुरू केलं. दारात उभं राहायचं आणि सांगायचं, एकोणीस वर्षं तुमचे कपडे धुतेय, एकदाही काही मागितलेलं नाही, काढा आता. निम्मे देत, निम्मे दाराआड होत. कँटीनवाला म्हणाला, इथे माणसांना मिळत नाही आणि तुम्हाला मांजरं सुचतायत. मी म्हटलं, माणसांना तुम्ही काय देता ते सांगा, तेवढंच मांजरांना द्या. त्याने काहीच दिलं नाही. खोटं तरी बोलला नाही बिचारा. शवागारातला तो म्हातारा, ज्याला तुम्ही थंडोबा म्हणायच्या, तो मात्र दर पगाराला येऊन न मागता डब्यात टाकून जायचा. एवढं करून दोन महिन्यांत दोन मांजरांचे जमले. अशाने मुदत संपली असती.

आणि मग ते कोटाचं झालं. मोठ्या सर्जनच्या कोटाला खिशातलं पेन फुटून शाई लागली, आणि तो माणूस कोट घेऊन स्वतः लाँड्रीत आला, ती डागवाल्या बाई कुठे आहेत विचारत. डाग हे तुमचं काम. मला घासणं येतं, बडवणं येतं. तुमच्यासारखं डागाकडे डोकं तिरकं करून बघत बसणं मला कधी जमलं नाही, तेवढा दम कुणाला आहे? मी सूनबाईला फोन लावला. बोलता येत नसलं म्हणून काय झालं, हात दाबता तर येतो? एकदा दाबला तर हो, दोनदा दाबला तर नाही. तिने विचारलं, दूध? दोनदा. लिंबू? दोनदा. स्पिरिट? एकदा. कोट कोरा करून दिला आणि सर्जनच्या तोंडावर सांगितलं, डाग काढणाऱ्या बाई दोनशे कोसांवर अंथरुणात आहेत, मजुरी त्यांच्या मांजरांना. त्याने एका मांजराचे पुरे दिले. त्याच दिवशी मी पाटी लावली, डाग काढून मिळतील, पैसे मांजरांना.

वन्सं, काय काय यायला लागलं म्हणून सांगू. रक्ताचे, डांबराचे, औषधांचे. नवरदेवाचा कोट आला, त्यावर काय सांडलं होतं ते त्यालाही सांगता येईना. रोज दुपारी मी फोनवर, सूनबाई मधे, आणि तुमचा डावा हात तिकडे. सूनबाई म्हणायची, मामी, दुपारी त्या घड्याळाकडे बघत बसतात. एक बाई नवऱ्याचा सदरा घेऊन आली, नवरा वारलेला. खांद्यावर तेलाचा हा एवढा डाग. म्हणाली, सदरा धुऊन द्या पण डाग राहू द्या. मी म्हटलं, बाई, मग आणलात कशाला? ही पाटी वाचता येते ना? ती म्हणाली, डाग त्यांचा आहे. मला वेडपट वाटली. तुम्हाला विचारलं, ह्याला काय करायचं, तर सूनबाई म्हणाली, हात धरलाय आणि सोडतच नाहीयेत, ह्याचं हो धरायचं की नाही? मला काही कळलं नाही. मी सदरा तसाच परत केला.

सर्जनच्या कोटाचे धरून अडीच महिन्यांत आणखी चार मांजरांचे झाले. एकूण सहा. त्यातले निम्म्याहून जास्त पैसे तुमच्या हाताचे आहेत हे मी सगळ्यांना सांगत होते.

पहिली तीन डॉक्टरणीने करून टाके सुकेपर्यंत आपल्याकडेच ठेवून घेतली. पुढची तीन खळ, चिमटा आणि नीळ. नीळचं मी मागे ठेवलं होतं, वय झालेलं. डॉक्टरीण म्हणाली, ह्या वयात टाके जड जातात, पण पुन्हा पोटुशी राहिली तर त्यातून काही वाचायची नाही. मी तुम्हाला विचारायला लावलं, तुम्हाला आठवत असेल. सूनबाई म्हणाली, एकदाच दाबला, पण असा की माझी अंगठी रुतली.

ऑपरेशन नीट झालं. कानाचं टोक कापतात खुणेसाठी, तेही नीट. नीळ शुद्धीवर आली, मला बघून तोंड वेडंवाकडं केलं, म्हणजे ठीकच होती. पण डॉक्टरणीकडे त्या दिवशी जागा नव्हती, पिंजरे भरलेले. म्हणाली, तीन दिवस बंद खोलीत ठेवा, ऊब पाहिजे, आणि जागा स्वच्छ हवी, टाके ओले आहेत.

जागा स्वच्छ हवी. हे मला सांगितलं, वन्सं. मला.

फाटक्या चादरींची ती कोपऱ्यातली खोली साहेबांकडून मागून घेतली. सकाळी सहाला जाऊन जमीन घासली, भिंती घासल्या हात पोचेल तिथवर. आणि मग काळं फिनेल ओतलं. वॉर्डात बादलीभर पाण्यात झाकणभर घालतात ते, मी पाण्याशिवाय ओतलं, तीन बाटल्या. आपल्या कामात स्वच्छ म्हणजे काय? नाकाला झोंबलं पाहिजे, डोळ्यांतून पाणी आलं पाहिजे. तसंच आपण एकोणीस वर्षं केलं आणि कुणाचं काही बिघडलं नाही. नवीन पोरीला बोलावून दाखवलं, बघ, ऑपरेशनच्या खोलीला लाजवेल. नीळसाठी एक उशी ठेवली, पांढरा अभ्रा घालून. तिघांना सोडलं, दार ओढून घेतलं आणि कामाला लागले. त्या दिवशी मी घड्या घालताना गुणगुणत होते म्हणे, पोरगी सांगत होती.

खळ आणि चिमटा उडी मारून गाठोड्यांवर चढून बसले. नीळला उडी मारता येईना, पोटाला टाके. उशीवरून उतरून ती दाराशी गेली आणि तिथल्या ओल्या जमिनीवर फटीला नाक लावून पडली. ती दाराशीच बसायची, तुम्हाला ठाऊकच आहे. मांजर अंग चाटतं, वन्सं. पाय चाटतं, पोट चाटतं. माणूस जमिनीवर चालतो आणि चपला बाहेर काढतो. मांजर सगळी जमीन चाटून आत घेतं. हे मला डॉक्टरणीने नंतर सांगितलं.

पाच वाजता दार उघडलं तर तोंडातून लाळेच्या तारा, जीभ पांढरी पडलेली, मागचे पाय थरथरत होते. मला वाटलं भूल उतरतेय. मी तिच्यावर ओरडले. नाटकं करू नकोस, ऊठ, उठून खा. तिने उठायचा प्रयत्न केला, माझं ऐकून. आणि कलंडली.

इथे थांबून एक लिहिते, नाहीतर पुन्हा लिहायची नाही. हेच मी तुम्हालाही म्हटलं होतं. त्या दिवशी तुमच्या उजव्या हातातलं टोक निसटलं. मी म्हटलं, धरा की नीट, झोपलात काय. मी उचलून हातात दिलं. परत निसटलं. मी परत दिलं. तुम्ही आपल्या हाताकडे असं बघत होता जसं काही तो दुसऱ्या कुणाचा आहे, आणि मी म्हणत होते, आटपा, गाडा भरायचाय. पंधरा चादरी झाल्या, वन्सं, तुम्ही खाली बसेपर्यंत. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून होतंय, तर मी म्हटलं आत्ताच. ते म्हणाले, लवकर आणलंत. तुम्ही सगळं ऐकत होता आणि तुम्हाला बोलता येत नव्हतं. तुम्हाला हे नवीन नाही. तुमच्या मुलाला ठाऊक नाही. सूनबाई, वाचलंस ना हे? वाच. आणि त्यालाही सांग.

नीळला तशीच उशीसकट उचलून धावत नेलं. डॉक्टरणीने दारातूनच वास घेतला आणि विचारलं, कशाने पुसलंत? मी सांगितलं. तिने नीळला माझ्या हातातून ओढूनच घेतलं. मग धुतलं, सलाईन लावलं, जे करायचं ते सगळं केलं. खळ आणि चिमटा वाचले, त्यांचे पाय फार भरले नव्हते. नीळ दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. मी तिथेच होते. त्या एका डोळ्याने ती शेवटपर्यंत दवाखान्याच्या दाराकडे बघत होती. डॉक्टरीण म्हणाली, मावशी, चूक माझी, मी सांगायला हवं होतं, बऱ्याच जणांच्या हातून होतं असं. मी म्हटलं, तू तुझं काम कर, माझी समजूत घालू नकोस.

थंडोबाने बॉयलरच्या भिंतीला लागून, पाण्याच्या टाकीखाली खड्डा खणून दिला. तिथे ऊब असते. मी त्याला सांगायला लागले, असं असं झालं म्हणून, तर म्हणाला, माझ्याकडे येणाऱ्यांची मी चौकशी करत नाही. घरी तुमच्या भावाला सांगितलं. त्यांनी तुमच्या खाटेवरचे पेपर उचलले, झटकले, परत तिथेच रचले.

त्याच संध्याकाळी सूनबाईला फोन केला. ती घाबरली. म्हणाली, मामी, एवढ्यात नका सांगू, डॉक्टर म्हणालेत धक्का बसेल असं काही नको. मी लगेच हो म्हटलं. तिला दोष देऊ नका, वन्सं, ती तुमच्या काळजीने म्हणाली. मी माझ्या सोयीने हो म्हटलं. पाच आठवडे झाले. दर आठवड्याला नीळ बरी आहे, नीळ खाते, नीळ नळावर झोपते. एकदा तर मी मनाचंच सांगितलं की नीळ साहेबांच्या खुर्चीत जाऊन बसली आणि साहेब उभे राहिले. तुम्ही हसलात म्हणे. तोंडाची उजवी बाजूसुद्धा थोडी हलली म्हणे. सूनबाईने किती आनंदाने सांगितलं. फोन ठेवून मी बॉयलरमागे जाऊन उभी राहिले.

नीळ गेली त्या दिवसापासून डबा उचललेला नाही. पाटी भिंतीकडे तोंड करून ठेवलीय. लोक कपडे घेऊन येतात, मावशी, डाग? मी सांगते, स्पिरिट संपलंय. पाच मांजरं अजून बाकी आहेत, हवालदार, बुडबुडी आणि तीन. बुडबुडीचं पोट सुटल्यासारखं दिसतंय, मी नीट बघायला जात नाही. साहेबांची मुदत बारा दिवसांवर आलीय. डॉक्टरीण दोनदा निरोप पाठवून थकली. पण ज्यांच्याकडून मांजर वाचवायला म्हणून पैसे घेतले आणि त्यांच्याच पैशांनी मारलं, त्यांच्या दारात परत कुठल्या तोंडाने उभी राहू? डबा हातात घेतला की आधी तुमच्या हाताचे पैसे आठवतात, आणि तुम्ही हसलात ते आठवतं.

पाच दिवसांमागे तुमच्या मुलाचं पाकीट आलं. मोठ्या कौतुकाने त्याने तुमच्या डाव्या हाताच्या सरावाचा कागद पाठवला होता, मामी, बघा, आई लिहायला लागली. तुमच्या भावाने तो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. सगळा कागदभर वाकडेतिकडे अ, आ, इ. मुलाने वरवर पाहिला असणार. अगदी खाली, कोपऱ्यात, ओळ सोडून, तुम्ही लिहिलंय, नीळ कशी आहे. दर आठवड्याला तुम्हाला सांगितलं जात होतं बरी आहे म्हणून, आणि तरी तुम्ही तो कागदभर सराव करून मला विचारलंत. म्हणजे तुमचा विश्वास बसलेला नव्हता. म्हणून हे पत्र. नीळ नाही, वन्सं. तिला मारायचं नव्हतं, पण मारलं मीच, घाईने आणि फिनेलने. उद्या सकाळी पाटी सरळ करते आणि डबा घेऊन निघते. प्रत्येक दारात आधी हे सांगणार, मग मागणार. ज्याला द्यायचे नसतील तो देणार नाही. एक कोट पडून आहे, बटणाचा गंज उतरलाय त्यावर, मोठी मजुरी मिळेल. गंजाला लिंबू आणि मीठ लावायचं का? सूनबाईने तुमचा हात धरला की सांगा, एकदा की दोनदा. धरू द्यायचा नसेल तर तेही मला कळेल. पत्रासोबत नीळच्या उशीचा अभ्रा पाठवतेय. त्यावर तिचे केस आहेत, एका कडेला लाळ वाळलीय. एकोणीस वर्षांत माझ्या हातून न धुता बाहेर गेलेलं हे पहिलं कापड. सूनबाई, तूही तो धुऊ नकोस.

तुमचीच,
तुम्हीच जिचं नाव ठेवलंत ती घाईबाई